गिरणी वाढवा

राजनंदिनीनं माझ्या गिरणीत ‘बंद’ हा शब्द काढला. चुकून जिभेवरून घसरला असता तर मी कानावर हात ठेवला असता. पण हिनं बावीस बायका ताडपत्रीवर बसवल्या आणि शाळेत पाढे घोकून घेतात तसा तो शब्द त्यांच्याकडून घोकून घेतला. ही म्हणायची “बंद!” की बावीस तोंडं ओरडायची “बंद!” महाडच्या रस्त्यानं चाललेल्या एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायला लागली. धोंडाबाईच्या गिरणीला टाळं लागलं की काय, असंच वाटलं असणार त्यांना.

आमच्यात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. तशी गिरणीही वाढवायची असते. तेहतीस वर्षांपूर्वी ह्यांनी पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा सासूबाईंनी दारात उभं राहून बजावलं होतं, “ह्या जागेत बंद म्हनायचं न्हाई.” सासूबाई गेल्या, मागोमाग हे गेले, पण तो शब्द भिंतीच्या आत आला नव्हता. आणि ही काल आलेली पोर! काल म्हणजे चार वर्षं झाली म्हणा. पण सुनेची चार वर्षं कालच असतात.

तिच्याकडे कारण नव्हतं असं नाही. ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकाच बाजूनं लिहिते.

दिवाळीनंतर आम्ही बंडूला गिरणी चालवायला घेतला. माणूस कष्टाळू. पण आधीची बारा वर्षं त्यानं खडीच्या क्रशरवर काढलेली, आणि क्रशरवर वाढवा म्हणजे वाढवाच. एका दुपारी रबराच्या दोन रुळांमध्ये भात अडकलं, जळका वास सुटला. बायका घाबरून ओरडल्या, “वाढवा, बंडूदादा, वाढवा!” बंडूनं वाढवलं. भात सोडायची झडप होती तेवढी सगळी उघडली. त्या दिवशी जो तांदूळ निघाला त्यात अख्खा दाणा शोधायला कंदील लागला असता. तोच माल, कोणी न बघता, पोत्यांत भरून पुण्याला गेला आणि तिथून तसाच माघारी आला. सोबत चिठ्ठी, ‘हा तांदूळ नाही, कणी आहे.’

पुण्यातल्या बारा-पंधरा दुकानांना आमचा आंबेमोहर द्यायचं ठरत आलं होतं. त्या दुकानांचा खरेदी करणारा माणूस, स्वरूप नावाचा, माझ्या धाकट्याला, सिद्धनाथला, फोनवर म्हणाला, “गुरुवारी मी स्वतः येतो. माझ्यासमोर भात घाला, माझ्यासमोर तांदूळ काढा. शंभर दाण्यांत पाचाच्या वर तुकडे निघाले तर विषय संपला.”

त्याचा विषय संपला असता, पण आमचा तिथूनच सुरू झाला असता. माझा थोरला, गोरख, दोन वर्षं मागं लागला होता की गिरणी मोडू आणि रस्त्याकडेची जागा हॉटेलवाल्याला देऊ. माणूसही त्यानं हेरून ठेवलेला. मी आडवी पडले होते म्हणून तो थांबला होता. माघारी आलेल्या पोत्यांनी माझं तोंड बांधलं. शेवटी जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर मीच बोलून बसले, “गुरुवारी माल पसंत पडला तर गिरणी ऱ्हाईल. न्हाई पडला तर कर तुजं हाटेल.”

आणि अशा आठवड्यात, ऐन मार्गशीर्षात, पोत्यांची थप्पी पत्र्याला टेकलेली असताना, धाकट्या सुनेनं यंत्र थांबवून बायकांची शाळा भरवली. मला न विचारता. मी वेल्ह्याला लग्नाला गेले होते ती संधी साधून!

एसटीतून उतरले ती तशीच आत शिरले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“काय चाललंय?”

बावीस जणी ताडपत्रीवरून उठून उभ्या राहिल्या. ठकुबाई तर पदराचं टोक दातात धरून पोत्याआड सरकली. ही ठकुबाई हिर्डोशीची लेक, भोरला दिलेली. अठरा वर्षं माझ्याकडे भात ओततेय, आणि अठरा वर्षांत मी तिचा आवाज फार तर अठरा वेळा ऐकला असेल.

“ट्रेनिंग चाललंय, आत्याबाई,” राजनंदिनी म्हणाली. हातात खडू, पदर खोचलेला. लग्नाआधी ती शिरवळकडच्या एका कंपनीत कामगारांना शिकवायची. स्थळ बघताना आम्हीच ते चारचौघांत कौतुकानं सांगितलं होतं. ते कौतुक एक दिवस उंबरा ओलांडून आत येईल, हे कोणाला ठाऊक?

“ह्यास्नी शिकवतीस? ठकी अठरा वर्सं भात वततीया!”

“ओततेय, पण आत गेल्यावर त्या भाताचं काय होतं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. काल बघितलं. विचारा तिला.”

“मला काय करायचंय इचारून? भात आत जातंय, तांदूळ भाईर येतोय. गाईच्या पोटात काय हाय ते बघून कुनी धार काढतं व्हय?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला बरं वाटलं. मग राजनंदिनीही हसली, ते काही बरं वाटलं नाही.

“गाय दूध नासवायला लागली की बघावं लागतं, आत्याबाई.”

तेवढ्यात गोरख आला. त्याला निमित्तच हवं होतं. “बघ आई, म्या सांगत हुतो का न्हाई? पगार देऊन शाळा! आन ह्या शिकल्या की जातील पल्याडच्या गिरणीत, दोन पैसं जास्त घ्यायला. आपून फी बी घ्यायची न्हाई!”

“दादा,” सिद्धनाथ यंत्रामागून म्हणाला, “न शिकवता जो माल माघारी आला, त्याची फी कुनी भरली?”

माझा धाकटा भावासमोर असं कधी बोलत नाही. बायकोच्या शाळेत नवराही बसलेला दिसत होता!

मी पिशवी खाली ठेवली. “ऐक गं. तुला काय शिकवायचं ते शिकीव. पन त्यो शब्द हितं चालायचा न्हाई. थांबव म्हन, राहू दे म्हन.”

“म्हणून बघितलं, आत्याबाई. गिरणी चालू असताना ‘थांबव’ आणि ‘वाढव’ बंडूदादाला सारखंच ऐकू येतं. शेवटचा ‘व’ तेवढा पोचतो. ‘बंद’ मात्र टोला हाणल्यासारखा जातो. आणि ‘वाढवा’चे तर दोन अर्थ. चालत्या यंत्रापाशी दोन अर्थांचा शब्द म्हणजे—”

“म्हंजे सासूबाई खुळ्या हुत्या?”

इथंच मी थांबायला हवं होतं. पण बायका बघत होत्या, आणि माझ्या जिभेला बघणारं माणूस दिसलं की ती धावत सुटते.

“गुरुवारी पावन्यासमोर ज्या बाईच्या तोंडून त्यो शब्द निघंल,” मी म्हणाले, “तिनं शुक्रवारी कामाला यायचं न्हाई.”

बावीस जणींचं हसू एकदम उतरलं. राजनंदिनीच्या हातातला खडू मोडला.

---

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या सुनेला, मोहिनीला, तिथं पाठवली. शिकायला नव्हे, बघायला. काय शिकवते, कोण हसतं, माझ्याविषयी कोण काय बोलतं ते टिपून आणायला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मोहिनीनं सांगितलं ते लिहिते, आणि तिनं लपवलं ते ओळखून लिहिते.

मोहिनी सुपात तांदूळ घेऊन निवडायचं सोंग करत दाराशी बसली. बंडूनं यंत्राचं झाकण उघडलं होतं. सोळा वर्षं ह्या घरात नांदूनही मोहिनीनं ते पोट कधी पाहिलं नव्हतं. आत नुसते दोन काळे रूळ, लाटण्यासारखे, एकमेकांना लागून.

“एक रूळ भरभर फिरतो, दुसरा हळू,” राजनंदिनी म्हणाली. “दोन्ही सारखे फिरले तर काय होईल?”

ठकुबाईनं तोंड न उघडता दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले. खालचा धरून ठेवला, वरचा फिरवला.

“दाणा सोलतोय तसं,” शेजारची सगुणाबाई म्हणाली. “शेंगदाण्याचं साल काढतो तसं. दोनी हात संगं फिरवलं तर साल निघतंय व्हय?”

“तेच!” राजनंदिनी जवळजवळ उडालीच. “तेच मला तासभर सांगायचं होतं!”

मोहिनीचं सूप मांडीवर तसंच राहिलं. पुढं विषय ओलाव्याचा निघाला आणि तिच्या तोंडून प्रश्न निसटला, “पन नंदिनी, वला पापड मोडत न्हाई, वाळका मोडतो. मग वलं भात का मोडतं?”

राजनंदिनीला पापडाच्या भाषेतलं उत्तर येईना. ठकुबाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, “वलं भात मोडत न्हाई, वयनी. चेंगरतं. अर्धं शिजल्यावानी नरम असतंय, दाबलं की पीठ. आन लई उनात टाकलं की पापडावानी तडकतं. मधलं पायजे.”

अठरा वर्षं ही बाई एवढं पोटात घेऊन माझं भात ओतत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

मग घोकणी सुरू झाली. एकेकीनं उठायचं, बंडूकडे बघायचं आणि ओरडायचं. सगुणाबाईनं असा दणका दिला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. ठकुबाईची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“न्हाई निघत,” ती रडवेली झाली. “आक्कांच्या गिरणीत कसं म्हनू? आन गुरुवारी म्हनलं तर शुकिरवारी काय खाऊ?”

राजनंदिनी दाराकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणून दाखवता?”

आणि आमच्या मोहिनीनं, मी हेर म्हणून पाठवलेल्या मोहिनीनं, सूप बाजूला ठेवलं, उभी राहिली आणि ओरडली, “बंद!”

“कसं वाटलं गं?” मी नंतर तिला दरडावून विचारलं.

“लई वंगाळ वाटलं, आत्याबाई,” ती खाली बघून म्हणाली. खोटं! गाल तोपर्यंत लाल होते तिचे.

घरी गोरखनं बायकोच्या हाताला लागलेलं काळं ग्रीस पाहिलं. त्या दोघांचं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी कान देत नव्हते, भिंतच पातळ आहे.

“तू बी?”

“आत्यांनीच धाडलं हुतं.”

“बघाया धाडलं हुतं, शिकाया न्हवं!”

“बघता बघता शिकून झालं, त्याला म्या काय करू? आन अवो, तुमचं हाटेल झाल्यावर माजं काम काय? भजी तळायची?”

गोरखच्या बाजूनं घरात एकच माणूस होतं, तेही त्या संध्याकाळी उठून पलीकडे गेलं.

बुधवारी शाळा संपली आणि गिरणी चालू झाली. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. एरवी दिवसाकाठी सहा-सात वेळा यंत्र तुंबायचं. तुंबलं की बंडू शिव्या द्यायचा, बायका बाजूला बसून तंबाखू मळायच्या, तासाभरानं पुन्हा घरघर. त्या बुधवारी ते एकदाच तुंबलं, आणि मी चपलेत पाय घालून उठेपर्यंत पुन्हा चालूही झालं. पोटात काहीतरी फुलबाजीसारखं तडतडलं माझ्या. मी तोंड वाकडं करून बसून राहिले. आनंद झाला की तो लगेच सुनांना दाखवायचा नसतो, त्या शेफारतात.

---

गुरुवारी सकाळी दहालाच स्वरूप आला. मला वाटलं होतं पोट सुटलेला कोणी साहेब असेल. हा तिशीतला, सडसडीत, चहा नको म्हणणारा. चहा नको म्हणणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. राजनंदिनी आणि सिद्धनाथ त्याला मागचं वाळवण दाखवायला घेऊन गेले. आत हिर्डोशीच्या भाताची पोती नवरीसारखी वेगळी मांडून ठेवली होती. चार दिवस वाळवलेली, प्रत्येक पोत्यावर खडूनं ओलाव्याचा आकडा. चौदा टक्क्यांच्या आत पाहिजे, हे आता झाडणारीलाही पाठ होतं.

एवढ्यात फाटकाशी टेम्पोचा हॉर्न. माझ्या भावाचा बाजी, पासलीहून!

“आत्या, घरचा आंबेमोहर आणलाय. म्हनलं पावना येनार, तर म्हायेरचा वास सुटू दे तुज्या गिरणीत!”

त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. काय सांगू! पासलीच्या खाचरातला तो वास नाकात गेला आणि मी पुन्हा सात वर्षांची झाले. मग माझं डोकं ठिकाणावर कुठलं राहतंय?

“पावन्यासमोर हेच घालायचं,” मी म्हणाले.

“आक्का,” ठकुबाई पुटपुटली, “हिर्डोशीचं मोजून ठिवलंय…”

“हिर्डोशी तुजं म्हायेर म्हनून व्हय गं?”

तिनं मान खाली घातली. बाजी फिदीफिदी हसला. मी पोत्यातून वरचे दोन दाणे उचलले. “मोजायचंच हाय ना? ह्ये बघ माजं यंत्र. तेहतीस वर्सं झाली, कुनी आकडा इचारला न्हाई.” दाणा दाढेखाली धरला. भात वाळलेलं असलं की दाणा कट् वाजतो, ओलं असलं की कच्. सगळा भोर तालुका जाणतो, धोंडाबाईची दाढ चुकत नाही.

कट्!

“वाळलंय! वता!”

पोतं ओतलं. बंडूनं खटका दाबला. घरघर सुरू झाली, जमीन हादरायला लागली. स्वरूप परत आला आणि जिथं तांदूळ पडतो तिथं ताटली घेऊन उभा राहिला. राजनंदिनी त्याच्यामागं. तिला वाटत होतं आत हिर्डोशीचं भात चाललंय. मी बाजीच्या पाठीवर थाप मारून हसत होते.

ठकुबाई हसत नव्हती. तिनं पुढच्या पोत्यात पोकळ सळई खुपसली, वर नव्हे, थेट तळापर्यंत, जशी शिकवली होती तशी. सळईतले दाणे ओलावा मोजायच्या डब्याएवढ्या यंत्रात घातले. आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

“वाढवा,” ती म्हणाली. त्या गोंगाटात मी फक्त तिचे ओठ पाहिले.

“वाढवा!” ह्या वेळी तिनं हात वर केला.

बंडूला ऐकू आलं. बारा वर्षांची सवय ती, त्याचा हात झडपेकडे गेला! गेला, आणि मध्येच हवेत लटकला. तो डोळे फाडून तिच्याकडे बघायला लागला. वाढवू का थांबवू? गिरणीचा आवाज जाड झाला. तोच तो जळका वास. राजनंदिनी धावत निघाली, पण मध्ये पोती होती.

ठकुबाईनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट कळलं, कारण ते मीच तिथं ठेवलं होतं. शुक्रवार.

“बंद!” ती ओरडली. “बंद कर, बंडू! बंद!”

टोला पडावा तसा तो शब्द आरपार गेला. बंडूनं खटका खाली ओढला. सगळं थांबलं. इतकी शांतता झाली की एसटी डेपोतला कंडक्टर गाडीला बेल देत होता ती इथं ऐकू आली.

पहिला बोलला गोरख. “झालं! पावन्याच्या तोंडावर! ठके, आईचा शब्द ठाव हाय न्हवं?”

“ठाव हाय,” ठकुबाई म्हणाली. पदराचं टोक आज दातात नव्हतं. “उद्या न्हाई येत म्या. पन आक्का, भात आतनं वलं हाय. अठरा दावतंय. खाली हात घालून बघा, ऊन लागतंय.”

मी शाळा चौथीत सोडली, पण आकडे मला कळतात. यंत्रावर अठराच होता. बाजीकडे वळले तर तो टेम्पोच्या चाकाकडे बघत होता.

“मागल्या आठवड्यात अवकाळी सर आली हुती, आत्या. वरचं वाळवलं… मधलं र्‍हायलं.”

मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत कोंबडीखालच्या अंड्यासारखं उबदार. तळाचा दाणा काढून दाढेखाली धरला.

कट्!

पुन्हा एक. कट्!

ते वाजणारच. मागच्या शिमग्याला मी भोरमध्येच कवळी बसवून घेतली. कवळीखाली फुटाणा कट् वाजतो, ओला दाणाही कट् वाजतो, आणि नुसते दात आपटले तरी कटच. दात गेले हे सगळ्या घराला माहीत होतं. दातांबरोबर पारख गेली हे वर्षभर फक्त मला माहीत होतं. मी दाणा चावायची, तोंड गंभीर करायची आणि अंदाजानं सांगायची. बहुतेक वेळा जमून जायचं.

सगळे माझ्याकडे बघत होते. स्वरूपची ताटली रिकामी. मी नुसतं “वता” म्हणाले असते तर बावीस जणींपैकी एकीनंही हू का चू केलं नसतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण समोर ती बाई उद्याचं काम हातातून सोडून उभी होती, माझा तांदूळ वाचावा म्हणून. माझा!

“माज्या दाताला इचारू नका,” मी म्हणाले. “त्ये दुकानातलं हायेत. आत गेलंय त्ये काडा. हिर्डोशीचं घाला.”

आणि मग जे झालं ते मी तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं! पूर्वी ओलं भात आत गेलं की मिस्त्री येईपर्यंत अर्धा दिवस हातावर हात. आता कोणी कोणाला हाक मारली नाही. सगुणाबाईनं पाने उचलले. चौघी झाकणाला भिडल्या. एकीनं चाळण काढली, दुसरीनं झटकली. ठकुबाई रुळांमधला ओला लगदा बोटांनी काढत होती आणि बंडू, क्रशरवरचा बंडू, तिला विचारत होता, “किती फट ठिवू?” मोहिनीनं निऱ्या वर खोचल्या आणि नवऱ्यावर ओरडली, “बघत काय उभं र्‍हायलाय? ह्ये झाकान धरा!”

गोरखनं धरलं! हॉटेल काढणारा माझा थोरला गिरणीचं झाकण छातीशी धरून उभा, पांढऱ्या शर्टाला ग्रीस! मी हसू दाबायला खोकले.

चहाचं आधण यावं एवढ्या वेळात घरघर पुन्हा सुरू झाली. ह्या वेळचा आवाज बारीक, सरळ, सूत काढल्यासारखा. तांदूळ पडायला लागला. मोत्यांची सर तुटावी तसा! स्वरूपनं मूठभर घेतला, काळ्या कागदावर पसरला आणि शंभर दाणे वेगळे करून बोटानं तुकडे बाजूला सारायला लागला. बावीस बायका श्वास धरून. एक. दोन. तीन. बोट पुढं गेलं, थांबलं, परत आलं. संपले दाणे.

त्यानं दुसरी मूठ घेतली. चार. तिसरी घेतली. तीन.

“आता चहा घेईन,” स्वरूप म्हणाला.

असा गलका उठला की पत्रा उडतो का काय! सगुणाबाईनं बंडूला मिठी मारली आणि मग कोणाला मारली ते बघून किंचाळली. स्वरूप वहीत काही लिहीत म्हणाला, “थांबवलं त्या बाईंचं नाव काय?”

“गोरख,” ‘नाव काय’ एवढंच ऐकून आमचा गोरख घाईनं बोलून गेला, आणि इतकं हसू झालं की तोही हसला. मग त्यानंच नीट सांगितलं, “ठकुबाई. हिर्डोशीच्या. अठरा वर्सं हायेत आमच्याकडं.”

“दर खेपेला ह्यांनी मोजलेलाच माल पाठवा,” स्वरूप म्हणाला.

तो गेला. गोरख म्हणाला, “हाटेलवाल्याला म्या सांगतो काय ते,” आणि शर्ट धुवायला निघून गेला. ठकुबाई कोपऱ्यात आपली डबापिशवी आवरत होती, शुक्रवार ठरलेला असल्यासारखी. आणि राजनंदिनी माझ्याकडे पळत आली, डोळे चमकत, वाकून पाया पडली.

“आत्याबाई, जमलं!”

मोहिनी हात पुसत जवळ आली. मी राजनंदिनीला उठवलं, पण हात सोडला नाही.

“जमलं म्हनतीस? तुजं लई चुकलंय, पोरी. मला न इचारता शाळा भरीवलीस, त्ये म्या इसरून जाईन. पन बावीस बायकांस्नी थांबवायला शिकीवलंस, आन जिला थांबवायचं हुतं तिलाच वर्गाच्या भाईर ठिवलंस. आज माजी जीभ उलटी वळली असती तर ही ठकी खरं बोलून घरी बसली असती. मंग तुज्या शाळेचं काय लोनचं घालायचं हुतं? ठके, ठेव ती पिशवी खाली! आन तू ऐक. सोमवारी शाळा पुन्यांदा भरीव. गोरख बसंल, सिद्धा बसंल, म्या समद्यांच्या फुडं बसंन. शिकवायला मातर ठकी उभी ऱ्हाईल, तू न्हाई. तू लई भरभर बोलतीस, मला कायबी समजत न्हाई.”